लाकडी फरशी (अखंड व थरयुक्त)

लाकडी फरशी म्हणजे घराच्या जमिनीवर बसविलेले लाकडी फळ्यांचे आच्छादन होय. फळीच्या रचनेनुसार तिचे अखंड लाकडाची फरशी आणि थरयुक्त (इंजिनिअर्ड) फरशी असे दोन प्रमुख प्रकार पडतात. जुन्या वाड्यांत माडीची जमीन तुळयांवर फळ्या टाकून केली जात असे. आता फळ्या बहुधा सिमेंटच्या जमिनीवर बसवितात. त्यामुळे ओलाव्याचा विचार महत्त्वाचा ठरतो.

रचना

अखंड फरशीची प्रत्येक फळी एकाच लाकडाची व साधारणपणे १८ ते २० मिमी जाडीची असते. थरयुक्त फळीत वर २ ते ६ मिमी खरे लाकूड आणि खाली बहुधा प्लायवूड असते. प्लायवूडच्या लगतच्या थरांतील तंतू परस्परांना काटकोनात असल्याने एक थर दुसऱ्याचे फुगणे रोखतो. लॅमिनेट फरशी या दोहोंहून वेगळी असून तिच्या पृष्ठभागावर लाकडाचे केवळ छापील चित्र असते.

हवामानाचा परिणाम

लाकूड हवेतील बाष्प शोषते व सोडते. त्यामुळे फळीच्या लांबीत नगण्य, तर रुंदीत जाणवण्याइतका फरक पडतो. नागपूर जिल्ह्यातील सावनेर परिसरात मे महिन्यातील कोरडी हवा कधी ४५° से.पर्यंत तापते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती दमट असते. लाकडातील ओलावा ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेल्यास १०० मिमी रुंदीची सागवानी फळी सुमारे १ मिमी फुगते. अशा ३० फळ्यांची एकत्रित वाढ ३ सेंमीच्या आसपास होते. भिंतीलगत मोकळी जागा नसल्यास फळ्या उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात सांधे उघडतात. विदर्भात सर्रास वापरला जाणारा पाण्याचा कूलर खोलीतील ओलावा आणखी वाढवितो. थरयुक्त फळीत हा आकारबदल बराच कमी असतो.

टिकाऊपणा

अखंड फरशी अनेकदा घासून नवी करता येते. २ मिमी थराची थरयुक्त फरशी फार तर एकदा घासता येते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही; मात्र त्याच्या बाहेरील फिकट भागास व प्रक्रिया न केलेल्या प्लायवूडला ती लागते.

निवड

सिमेंटच्या जमिनीवर व कूलर असलेल्या खोलीत थरयुक्त फरशी अधिक सोयीची ठरते. माडीवर, चांगले वाळविलेले सागवान उपलब्ध असल्यास अखंड फरशी दीर्घकाळ टिकते. दोन्ही प्रकारांत नवी सिमेंटची जमीन पूर्ण वाळल्यावरच फळ्या बसविणे आवश्यक असते.