शीत देशास निघालेला रुग्ण आणि आपले कर्तव्य

नोकरीनिमित्त फिनलंडसारख्या देशांत जाणारे तरुण सल्ल्यासाठी येतात, तेव्हा केवळ च्यवनप्राश लिहून देणे पुरेसे नाही. हेमंतात जाठराग्नी प्रबळ असतो, म्हणून गुरु-स्निग्ध आहार घ्यावा, हे शास्त्रवचन आपण जाणतोच. परंतु तापविलेल्या खोलीत दिवसभर बैठे काम करणाऱ्यास ते जसेच्या तसे लागू होत नाही. बाहेर तीव्र शीत आणि आत उष्ण-रूक्ष हवा. परिणामी त्वचेची रूक्षता, मलावष्टंभ इत्यादी वातविकार संभवतात. देशगुणांच्या विपरीत ते सात्म्य, या न्यायाने तिळतैलाभ्यंग, कोष्ण जल, उष्ण व मात्रायुक्त आहार आणि नित्य व्यायाम सुचवावा.

हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशावर असून डिसेंबरात तेथील दिवस सहा तासांहूनही लहान असतो. हिवाळ्यातील उन्हाने त्वचेत 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. त्याची पूर्ती तसेच दीर्घ विषण्णतेत तेथील डॉक्टरांचे साहाय्य आवश्यक आहे. अभ्यंग त्यास पर्याय नव्हे, हे स्पष्ट सांगावे.

युरोपात पारा व शिसे यांविषयीचे नियम कडक आहेत. औषधविक्रेते बंधूंनी रसकल्प सोबत देण्याचा मोह टाळावा. इतर औषधांवर घटकद्रव्यांचे इंग्रजी लेबल व सोबत बिल द्यावे. रुग्ण दूर गेला, तरी आपले दायित्व सरत नाही.