‘कंपॅटिबल’ ही ओळ कशाची हमी देते?

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, यावरून औद्योगिक यंत्रणा किती दीर्घायुषी असू शकते हे कळते. तिच्या मानाने चिपचे उत्पादन अल्पायुषी असते. त्यामुळे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंट्रोलर दुरुस्त करताना बदली चिपचा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो, आणि बोर्ड लिनक्सवर चालणारा असेल तर ‘कंपॅटिबल’ या ओळीविषयीचे गैरसमजही पुढे येतात. ही ओळ ‘डिव्हाइस ट्री’त, म्हणजे बोर्डावर कोणता भाग कोठे जोडला आहे हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणाऱ्या वर्णनात असते आणि तिच्यात उत्पादकाचे संक्षिप्त नाव व चिपचे नाव दिलेले असते.

चिप स्वतःच आपली ओळख देते, म्हणून ही ओळ केवळ उपचार आहे, असे काहींना वाटते. यूएसबीच्या बाबतीत ते खरे आहे. पण वीजपुरवठा सांभाळणारी चिप बहुधा आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर असते आणि त्या जोडणीत ओळख विचारण्याची सर्वमान्य सोयच नाही.

अधिक महाग पडणारा गैरसमज असा की, ओळ जुळली म्हणजे चिप विजेच्या दृष्टीनेही जुळली. वस्तुतः ती ओळ फक्त एवढेच सांगते की चिपमधील रजिस्टरे, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या जागा, ड्रायव्हरला, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला, अपेक्षित तशाच आहेत. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावरील टीपीएस६५२१७ ही चिप याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या बी, सी आणि डी या आवृत्त्यांसाठी डिव्हाइस ट्रीत एकच नाव लिहिले जाते. मात्र चालू होताच तिच्या पहिल्या रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागातून, बी १.८, सी १.५ आणि डी १.३५ व्होल्ट देते. सीच्या जागी बी बसवली, तर १.५ व्होल्टच्या मेमरीला १.८ व्होल्ट मिळतात, आणि तेही कर्नल जागे होण्यापूर्वीच. अशा वेळी चिपच्या नावाचे शेवटचे अक्षर डेटाशीटशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

ओळ लिहिली की बाकीचे कर्नल पाहून घेईल, हाही भ्रमच आहे. व्होल्टेजची खालची व वरची मर्यादा प्रत्येक रेग्युलेटरसाठी वेगळी लिहावी लागते. ती नसल्यास कर्नल व्होल्टेज बदलू देत नाही. एखादा पुरवठा कायम चालू ठेवायचा असूनही तशी नोंद करायची राहिली आणि कोणत्याही ड्रायव्हरने त्यावर हक्क सांगितला नाही, तर अलीकडचे कर्नल सुरू झाल्यावर सुमारे ३० सेकंदांनी तो पुरवठा निरुपयोगी समजून बंद करते. बोर्ड व्यवस्थित सुरू होऊन अर्ध्या मिनिटाने मान टाकतो, आणि दोष बहुधा निर्दोष चिपवर येतो.