रत्नागिरीला जाताय? आधी उन्हाचा बेत आखा

नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला रत्नागिरीचे ३३ अंश म्हणजे काहीच वाटत नाहीत. फसगत होते ती इथेच. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पाणी आणि मीठ मात्र अंगातून जातच राहते. सोबत रक्तदाब किंवा मधुमेह असलेली आई असेल, तर दोन दिवसांचा फिरण्याचा बेत तिच्या चालीने आखावा.

रत्नदुर्ग सकाळी लवकर पाहून घ्या. अकरा ते चार छपराखाली राहा. त्यासाठी थिबा राजवाडा आहेच. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, धर्माने बौद्ध. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९१६ साली तो इथेच वारला. मुलांना हे तिथेच उभे राहून सांगा. भाट्याचा किनारा संध्याकाळी; पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरू नका.

औषधे मोठ्या बॅगेत नकोत, हाताशी हवीत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती प्यायचे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्या. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले तर सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.