आबांची वाघर

आमच्या घरी आढ्याला एक जुनी जाळी टांगलेली होती. तिला वाघर म्हणतात. आबा माझ्याएवढे होते तेव्हा त्यांच्या घरचे या जाळीने ससे धरीत असत. ते कसे, याची माहिती मी आबांना विचारून लिहीत आहे.

ससा दिवसा गवतात दबून बसतो व रात्री चरतो. आबा सांगतात, "आरं, रानातला ससा बीळ करत न्हाई. अंगाएवढा खळगा केला की झालं त्येचं घर." म्हणूनच त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. सशाची येण्याजाण्याची वाट ठरलेली असते. गोल लेंड्या आणि दबलेलं गवत बघून पणजोबा ती वाट ओळखत. सशाचे मागचे पाय लांब असतात, त्यामुळे तो चढाला पळतो. म्हणून वाघर चढाच्या बाजूला, काठ्यांना सैल अडकवीत. खालून पोरांनी डबे वाजवत यायचं. ससा जाळीत शिरला की काठ्या पडत व जाळी त्याच्या अंगावर येई.

सशाच्या मटणात चरबी फार कमी असते. नुसतं परतलं तर ते चिवट होतं. म्हणून पणजी हळद, मीठ, लसूण लावून मंद जाळावर, पुष्कळ पाण्यात शिजवी. ते अळणी पाणी आधी लहान पोरांना मिळे. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं पाट्यावर वाटून रस्सा होई. एक ससा आणि खाणारी चौदा माणसं! तुकडा कमी, भाकरी जास्त.

पुढे १९७२ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ पासून शिकारीचे परवानेही बंद झाले. आज ससा मारला तर तुरुंगवास होऊ शकतो.

आपल्या वर्गातील काही मुलं मला म्हणाली, "सुट्टीत वाघर आण, ससा धरू." मी आबांना विचारलं. आबा गप्प झाले. मग म्हणाले, "तवा माळावर चालताना दहा ससं उठायचं. ह्या साली तुला किती दिसलं?" मला एकच दिसला होता. कोल्हा आणि घुबडही सशावर जगतात. त्यांनी काय खावं?

पालकांनाही माझी विनंती आहे. रानडुकरं पीक खातात म्हणून तारेचे फास लावू नयेत. त्यात ससा, कुत्रं, कोणीही अडकतं. नुकसान झाल्यास वन विभागाकडे अर्ज करावा. पंचनामा होऊन भरपाई मिळू शकते.

आमची आई आता त्याच रीतीने गावठी कोंबडा शिजवते. आणि वाघर? ती आबांनी खुराड्यापुढे बांधली आहे. आता ती कोंबड्यांची राखण करते.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी