उशाशी वीस ग्रंथ

मध्ययुगीन इंग्रजी साहित्यात गरीब विद्यार्थी बरेच भेटतात, पण माझा जीव जडला तो जेफ्री चॉसरच्या ऑक्सफर्डवाल्यावर. १३८७च्या सुमारास लिहायला घेतलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेला निघालेल्या मंडळींत सरदार आहे, व्यापारी आहे, शिकारीचा शौकीन मठवासी आहे, आणि त्यांच्यात बरगड्या मोजाव्यात अशा घोड्यावर बसलेला हा. डगला विरलेला, गाल बसलेले. चर्चमधली नेमणूक अजून मिळालेली नाही आणि दुसरी चाकरी धरण्याइतका व्यवहार अंगात नाही. उशाशी अ‍ॅरिस्टॉटलचे वीस ग्रंथ असावेत, काळ्या नाहीतर तांबड्या बांधणीचे, एवढीच त्याची हौस.

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑक्सफर्डला बाराव्या शतकापासून अध्यापन चाले, केंब्रिज १२०९चं. शिक्षण लॅटिनमधून, मुलं कोवळ्या वयाची, आणि बहुतेकांची आशा चर्चच्या उत्पन्नावर.

मी थबकतो त्या विसाच्या आकड्यापाशी. इंग्लंडात छापखाना आला १४७६ साली. तोवर ग्रंथ म्हणजे कातड्याची पानं आणि लेखनिकाची महिनोन्महिन्यांची मेहनत. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या १४२४च्या सुमाराच्या यादीत अवघे १२२ ग्रंथ आहेत! मग या फाटक्या माणसाकडे वीस कुठून असणार? चॉसर ते त्याच्याकडे होते असं म्हणतच नाही, त्याला हवे होते एवढंच सांगतो. मित्रांकडून मिळेल तो पैसा तो पुस्तकांवर घालवतो आणि देणाऱ्यांच्या आत्म्यांसाठी मनापासून प्रार्थना करतो. त्या काळच्या श्रद्धेने पाहिलं तर ही चोख परतफेड होती. त्याच्या मिंधेपणाचा चॉसर कुठेही उल्लेख करत नाही. ऑक्सफर्डला १२४०पासून कर्जपेट्याही होत्या. तारण ठेवायचं आणि पैसे उचलायचे. विद्यार्थी तारण म्हणून बहुधा ग्रंथच आणी. मर्टन कॉलेजच्या चौदाव्या शतकातल्या ग्रंथालयात साखळीने जखडलेला ग्रंथ पाहिला, तेव्हा त्या वीस ग्रंथांचं वजन मला खरं कळलं.

याच पुस्तकात निकोलस नावाचा दुसरा गरीब विद्यार्थी आहे, ऑक्सफर्डलाच एका सुताराकडे भाड्याने राहणारा. त्याच्याही उशाशी फळ्यांवर टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’, अ‍ॅस्ट्रोलेब आणि हिशेबाचे खडे आहेत. पण वर एक तंतुवाद्यही ठेवलंय, आणि विद्या सगळी घरधन्याची बायको पटवण्यासाठी खर्ची पडते. पहिल्या विद्यार्थ्याला ग्रंथांपुढे नेमकं तेच वाद्य नको होतं! चॉसरने ही जोडी जाणूनबुजून जुळवली, याबद्दल मला शंका नाही.

याच पुस्तकातले केंब्रिजचे विद्यार्थी जॉन आणि अ‍ॅलन तर ट्रम्पिंग्टनच्या गिरणीवाल्याकडून फसवले जातात. पीठ चोरलं जातं आणि मग रात्री ते त्याचा सूड उगवतात. त्यांच्या तोंडी चॉसरने उत्तरेकडची बोली घातली आहे. ट्रम्पिंग्टन आता केंब्रिजचाच भाग झालंय, तरी तिथल्या नदीकाठी ही गोष्ट आठवतेच.

कायद्याचा सूर मात्र निराळा होता. १३८८च्या कायद्याने भीक मागत हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला कुलपतींचं पत्र जवळ बाळगणं भाग पडलं.

यात्रेत सरायमालक आमच्या विद्यार्थ्याला बजावतो, पंडिती थाट नको, सोपं बोल. तो लगेच मान्य करतो, आणि पहिल्या श्वासातच सांगून टाकतो, की ही गोष्ट मी इटलीतल्या पादुआला कवी पेत्रार्ककडून शिकलो. खिशात दमडी नसताना तो इटलीला कसा पोचला, याचा खुलासा चॉसर करत नाही. तो स्वतः १३७२-७३मध्ये राजाच्या कामासाठी इटलीला जाऊन आला होता. आपला प्रवास त्याने या मुलाला देऊन टाकला असावा, असं मला वाटतं.