वाकळेला ऊन दाखवलं का?

दिवाळीच्या पणत्या विझून आठ दिवस झाले, की गेवराईत आणि आसपासच्या खेड्यांत एक देखावा ठरलेला असतो. माळवदावर, बाजेवर, अंगणातल्या दोरीवर, जिथं म्हणून ऊन पडेल तिथं वाकळा पसरलेल्या! (पुण्या-मुंबईकडची मुलं जिला गोधडी म्हणतात, तीच ही बरं का.) घरातली आजी काठीनं त्या झोडपत असते आणि आपण मध्ये आलो की ओरडते, "ए, सरक तिकडं! ऊन अडवू नको." लहानपणी मला वाटायचं, आजी वाकळेत ऊन भरून ठेवतेय आणि रात्री ते हळूहळू बाहेर येणार. माझी कल्पना चुकीची होती, पण अगदीच चुकीची नव्हती. कसं ते पुढं कळेल.

"मराठवाड्यात कसली आलीय थंडी?" असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. आपली ख्याती उन्हाळ्याची आणि दुष्काळाची! पण डिसेंबर-जानेवारीत त्यांना एक रात्र इथं ठेवून घ्या. दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे दोन वाकळा पुरत नाहीत. आपल्यापासून समुद्र लांब. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली उष्णता वर आकाशात सोडून देते आणि तिला अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. त्यात थंड हवा असते जड. ती ओढ्या-नाल्यांच्या वाटेनं सखल भागात उतरते. म्हणून तालुक्याच्या उत्तरेला गोदाकाठच्या गावांत पहाट जास्तच बोचते.

आता हीटर घ्यायचा तर पैसे हवेत, वीज हवी, आणि वीजबिलही भरायला हवं. आपण घरात आहे त्यातच भागवू या. त्याआधी एक कोडं सोडवा.

वाकळ गरम असते का?

"असते की!" असं म्हणाल तुम्ही. मग बर्फाच्या गाडीवाल्याकडं बघा. भर उन्हाळ्यात तो बर्फाच्या लादीवर लाकडाचा भुसा टाकतो आणि वरून गोणपाट झाकतो. पांघरूण जर ऊब देत असेल, तर बर्फ लवकर वितळायला हवा ना? उलट तो जास्त वेळ टिकतो! म्हणजे पांघरूण गरमही नसतं आणि थंडही नसतं. ते फक्त दार लावून घेतं. बर्फाच्या बाबतीत बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तुमच्या बाबतीत आतली बाहेर जाऊ देत नाही. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बापेक्षा थोडी जास्तच उष्णता सतत बाहेर पडत असते. आपली शेगडी आपणच!

आणि दार लावण्याचं काम कापड करत नाही, कापडात अडकलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून मात्र ती हवेच्या सुमारे २४ पट सहज निसटते. पावसाळाभर घडी करून ठेवलेल्या वाकळेनं ओल धरलेली असते, कापूस-कापड दबून बसलेलं असतं. उन्हानं ओल जाते, काठीच्या फटक्यांनी थर फुगतात आणि मधे पुन्हा हवा शिरते. आजी वाकळेत ऊन नव्हती भरत, हवा भरत होती!

पटत नसेल तर प्रयोग करा. सारख्या तीन बाटल्यांत सारखंच गरम पाणी मोठ्यांकडून भरून घ्या. एक उघडी ठेवा, दुसरीला कोरड्या वाकळेत गुंडाळा, तिसरीला ओल्या फडक्यात. अर्ध्या तासानं हात लावून बघा. ओल्या फडक्यातल्या बाटलीची गंमत मी सांगत नाही.

वाकळ शिवायला खर्च किती? दोऱ्याच्या रिळांचा! आईचं विरलेलं लुगडं किंवा सुती साडी वरखाली, आत आजोबांचं धोतर, फाटके सदरे, जुनी चादर. जमिनीवर थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. दोन शेजारणी समोरासमोर बसल्या की गप्पांत काम उरकतं. टाके फार जवळ आणि फार ताणून घालू नयेत, नाहीतर थर आवळले जातात आणि हवेला जागाच राहत नाही. जुनं सुती कापडच घ्यावं. ते मऊ असतं, घाम शोषतं आणि ठिणगी पडली तर नायलॉनसारखं वितळून कातडीला चिकटत नाही. ज्यांच्याकडं घोंगडं आहे ते तर नशीबवानच. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही.

एक चूक मात्र बहुतेक घरांत होते. सगळी पांघरुणं अंगावर आणि खाली नुसती सतरंजी! शहाबादी फरशी पाठीतली उष्णता ओढून घेते. अंगाच्या वजनानं खालचं कापड दबतं, त्यातली हवा निघून जाते. म्हणून खाली आधी चटई किंवा पोती, त्यावर वाकळ. अंगावरची एक कमी झाली तरी चालेल.

घराचंही असंच आहे. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसा हळूहळू तापतात आणि रात्री हळूहळू निवतात. पत्र्याचं घर मात्र उतावळं! दुपारी भट्टी, पहाटे बर्फ. आपल्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते आणि अंथरुणावर थेंब पडतात. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून जुन्या साड्या जोडून ताणून बांधल्या, की मधे हवेचा थर तयार होतो (चूल आणि दिवा यांच्यापासून लांब, हे पालकांनी पाहावं). आपला गाव साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळं हिवाळ्यात सूर्य दुपारीही दक्षिणेकडं कललेला असतो. दक्षिणेची खिडकी दिवसभर उघडी ठेवा, ऊन आत येऊ द्या, आणि ऊन उतरलं की लगेच लावून घ्या. दाराखालच्या फटीत गुंडाळलेलं पोतं सरकवा. अंघोळीच्या पाण्याची काळी घागर झाकण लावून दुपारभर उन्हात ठेवली, तर संध्याकाळी जळण कमी लागतं.

ही झाली घरातल्यांची गोष्ट. पण या दिवसांत आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप असतं. तुमच्या वर्गातलीही एखाद-दुसरी जागा रिकामी असेल. ऊसतोडीला गेलेली ही कुटुंबं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं किंवा थेट कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहतात. कोपी म्हणजे बांबू, तट्ट्या, पाचट आणि वरून ताडपत्री. भिंत नाहीच. आई-वडील पहाटे अंधारातच फडात जातात आणि धाकट्यांना सांभाळायला तुमच्याच वयाची ताई मागं राहते. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहून हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच शिकतात. सगळ्यांना ते जमत नाही.

कोपीत वरचे सगळे नियम जास्तच कडक. तोंड उत्तरेच्या वाऱ्याकडं नको. अंथरुणाखाली वाळलेल्या पाचटाचा जाड थर, त्यावर पोतं, त्यावर वाकळ. पण हेच पाचट कागदासारखं पेटतं. म्हणून चूल, चिमणी, शेकोटी सगळं कोपीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि जवळ पाण्याची घागर.

पक्क्या घरातल्यांनीही इथं नीट लक्ष द्यावं. थंडी फार झाली म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं खोलीत घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपायचं, हे कधीही करू नका. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि झोपेत असलेल्याला तर तेही कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. शेकायचं ते अंगणात. पऱ्हाट्या पेटवा, भोवती बसा, गप्पा मारा. मग बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी खाऊन अंथरुणात शिरा. पोटात गेलेल्या त्या भाकरीचीच रात्रभर ऊब होते.

ट्रॅक्टरवर सामान भरताना तोडकरी मंडळी भांडी, धान्य, कोयते खाली ठेवतात आणि वाकळांचं गाठोडं सगळ्यांत वर. पोरांना त्यावरच बसून जायचं असतं. उन्हाळा लागताना तेच गाठोडं परत येतं. मग नदीवर धुणं, कडक उन्हात वाळवणं, आणि घडीत कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून वाकळा पुन्हा ट्रंकेत.