हवेवरची न्याहारी

इंदुरात जन्म काढलेल्या माणसाने सकाळी पोह्यांखेरीज दुसरे काही करावे, हे आमच्या गल्लीत अजून कोणाला पटलेले नाही. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, चिमूटभर जिरावन, बारीक चिरलेला कांदा आणि शेजारी गरम जिलबी, एवढे पुढे आले म्हणजे सकाळ झाली असे आम्ही धरून चालतो. पण गेले सहा आठवडे माझ्या घरी पोहे झालेले नाहीत. होतो तो दुधात बुडवलेला, पोटात चक्का आणि साखरांबा भरलेला आणि वरून खरपूस झालेला पाव. हॉटेलवाले ज्याला फ्रेंच टोस्ट म्हणतात, त्याचाच हा गोड आणि भरलेला भाऊ. आणि तो करतो मी. ज्याची पाककलेतली मजल सत्तरी उलटेपर्यंत चहापलीकडे गेली नव्हती, तो मी.

याला कारण आमची आक्का. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवले ते हिने. आज तिचे वय चौऱ्याऐंशी. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण धसका मोडला नाही तो नाहीच. खाटेवरून उठेना, आणि जेवण पाखरासारखे. पोहे घशात अडकतात, पोळी चावत नाही, वरणभाताचा कंटाळा. याच सुमारास सौ.ला मुलीच्या बाळंतपणासाठी नाशकाला जावे लागले. पोळ्यांच्या बाई दहाला येतात. म्हणजे सकाळची वेळ सर्वस्वी माझ्या हाती. डॉक्टर आले, आक्काच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि दारात मला म्हणाले, "प्रथिने पोटात जायला हवीत. अंडे चालत असेल तर रोज द्या."

अंडे! मी स्वतः कॉलेजात गेल्यापासून खातो. आक्काला ते ठाऊक आहे, आणि त्यासाठी या घरात एक वेगळा तवा गेली पन्नास वर्षे खिडकीच्या वरच्या फळीवर एकटा राहतो. ती मला कधी बोलली नाही. पण स्वतः तिने अंड्याला हात लावलेला नाही.

आता यंत्राविषयी. गेल्या दिवाळीत चिरंजिवांनी बंगळूरहून एअर फ्रायर पाठवला होता. तो नऊ महिने खोक्यात होता. सौ.चे म्हणणे, तेलावाचून तळण म्हणजे नवऱ्यावाचून वरात. मला मात्र पेटत्या शेगडीची आणि उकळत्या तेलाची भीती वाटते. तेव्हा मी खोके उघडले. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा पुढे आणले आणि मग ते घरोघर गेले. त्याच्या नावावर जाऊ नये. हे यंत्र काहीही तळत नाही. वर विजेची तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. तापलेली हवा पंखा जोराने खाली ढकलतो, ती पदार्थाच्या भोवती फिरते आणि त्याच्या अंगावरचा ओलावा पळवून नेते. म्हणजे ही बेकरीवाल्याची भट्टीच. एवढेच की आकाराने घागरीएवढी आणि तिच्यात वारा सुटलेला. भाजणे, शेकणे, परतणे आणि तळणे यांतला फरक ज्या भाषेला इतका नेमका ठाऊक आहे, तिने या यंत्राला 'तळणारे' म्हणू नये, असे माझे आपले मत.

पाव निवडला, कारण तो मऊ, आणि दूध पोटात घेतो. शिवाय शिळ्या पावाचे सोने करण्याची ही युक्ती जगभरची आहे. फ्रेंच लोक याला 'वाया गेलेला पाव' अशा अर्थाचे नाव देतात. इंग्रजांनी त्याला विंडसरचे गरीब सरदार करून टाकले. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो घरोघर होतो. हाँगकाँगमध्ये दोन कापांच्या मध्ये शेंगदाण्याचे लोणी भरून तळतात. आणि आपल्या हैदराबादेत तळलेल्या पावावर साखरेचा पाक आणि आटवलेले दूध घालून त्याचा 'डबल का मीठा' करतात. शिळा पाव फ्रेंचांचाच तेवढा होतो असे नाही.

माझा पहिला प्रयत्न मात्र खरोखरच वाया गेला. पिशवीतल्या पावाचे पातळ काप घेतले, दोहोंच्या मध्ये सारण लावले, दुधाअंड्यात मनसोक्त भिजवले आणि टोपलीत ठेवले. कापांनी जाळीत अंग सोडले. दूध खाली गळून करपले, आणि वरचा काप वाऱ्याने उचलून बाजूला टाकला. दार उघडले तेव्हा साखरांबा उघड्यावर उकळत होता. बाहेर आली ती वस्तू मांजरानेही हुंगून सोडली.

मग शिकलो. बेकरीतून न कापलेला अख्खा पाव आणायचा, तो एक दिवस शिळा होऊ द्यायचा, कारण ताजा पाव दुधात विरघळतो आणि कोरडा झालेला ते धरून ठेवतो. त्याचे बोटाच्या दोन पेरांएवढे जाड काप करायचे. प्रत्येक कापाला एका बाजूने सुरीने खिसा पाडायचा, तिन्ही कडा शाबूत ठेवून. त्यात दोन चमचे घट्ट चक्का आणि एक चमचा साखरांबा. चक्क्यात पाणी राहिले तर सगळे सारण बाहेर येते, म्हणून दही रात्रभर फडक्यात टांगलेले हवे. टोपलीत तूप लावलेला बेकिंगचा कागद, पण पदार्थाचे वजन त्यावर असल्याशिवाय कागद कधी घालू नये. नाहीतर पंखा त्याला उचलून तापल्या तारेवर नेतो. यंत्र तीन मिनिटे आधी तापवायचे, मग १८० अंशांवर पाच मिनिटे, उलटून आणखी चार.

चौथ्या दिवशी ते जमले. कडा कुरकुरीत, वर तांबूस रंग, आत चक्का गरम आणि आंबटगोड. दुधातली साखर आणि प्रथिने उष्णतेने एकत्र येऊन हा रंग आणि हा वास देतात. लुई-कामीय माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया वर्णन केली, आणि भाजलेल्या भाकरीपासून कॉफीपर्यंत तिचेच राज्य आहे. वास आक्काच्या खोलीत गेला. कित्येक दिवसांत प्रथमच तिने आपण होऊन विचारले, "काय करतोयस रे?"

आता खरी गोष्ट सांगतो. त्या दुधात दोन अंडी होती, आणि तिला ती खाऊ घालायची हे मी आदल्या रात्रीच ठरवले होते. वेलदोडा दुप्पट घातला होता. डॉक्टरांनी सांगितले आहे, माणूस वाळत चालले आहे, तिच्या पोटात दोन घास जावेत यापुढे व्रत कसले, असे मी मनाशी घोकलेही होते. बशी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने चमच्याने कोपरा मोडला. मग तो चमचा तसाच धरून म्हणाली, "काय काय घातलंयस यात?"

"दूध, साखर, वेलदोडा," मी म्हणालो, "चक्का, तुझ्याच हातचा साखरांबा..."

आणि इथे थांबलो, कारण मला साखरांबा आठवला. १९६१ साल. मी सात वर्षांचा, हिवतापाने पडलेलो. कडू गोळी मी थुंकून टाकत असे. आक्काने ती कुटून साखरांब्यात कालवली आणि मला चाटवली. मी बरा झालो. पण त्यानंतर वर्षभर मी साखरांब्याला तोंड लावले नाही. तो तिने दिला की मी बोट लावून आधी जिभेवर कडू लागतो का ते पाहत असे. त्या पाहण्याने ती एकदा रडली होती, हे मला फार उशिरा समजले.

"आणि अंडे," मी म्हणालो.

तिने चमचा बशीत ठेवला. रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तरीच वेलदोडा एवढा." आणि मग, "बशी उचल."

त्या दिवशी तिने चहाखेरीज काही घेतले नाही. दोन्ही काप मी खाल्ले. इतके चांगले झालेले असून मला त्यांची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात दूध तापवत असताना काठीचा आवाज आला. पडल्यापासून जी खाटेवरून न्हाणीघरापलीकडे गेली नव्हती, ती आक्का दारात उभी. तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत बावीस पावले आहेत. मी नंतर मोजली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कर आता. बघते मी काय घालतोस ते."

पहारा बसला! माझी अडचण अशी की अंडे हे नुसते पौष्टिक नसते. तापले की ते घट्ट होते. दुधाला पावात धरून ठेवते आणि वर कवच आणते. ते काढले तर दूध पुन्हा जाळीखाली. पहिल्या दिवशी नुसत्या दुधात बुडवले. वरून कोरडे, आतून ओले. दुसऱ्या दिवशी बेसन कालवले, चव चांगली, पण आक्का म्हणाली, "हा तर गोड भजीचा बाप." तिसऱ्या दिवशी मला कपाटात कस्टर्ड पावडरचा डबा सापडला.

या पावडरीची हकिगत मी आक्काला भाजता भाजता सांगितली. बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडे सोसत नसे आणि कस्टर्ड तर अंड्याचेच होते. तेव्हा १८३७ साली या गृहस्थाने मक्याच्या पिठावर दूध घट्ट करण्याची रीत काढली, ती केवळ घरातल्या एका माणसासाठी. नंतर सगळे जग ते खाऊ लागले. आक्काने ऐकून घेतले, पण विश्वास ठेवला नाही. डबा मागवला, भिंग मागवले, आणि पाठीवरचा हिरवा ठिपका स्वतः पाहिला. पावाच्या पिशवीवरचाही पाहिला. मी रागावलो नाही. मला तो अधिकार राहिला नव्हता.

तर कृती अशी. एक कप थंड दुधात दीड मोठा चमचा पावडर, दोन चमचे साखर, किंचित मीठ आणि जायफळ. मंद आचेवर ढवळत पातळ कढीइतके दाट होऊ द्यावे. कच्चे पीठ तसेच वापरले तर ते तळाशी बसते आणि पाव नुसते दूध पितो; हाच माझ्या आधीच्या फजितीचा धडा. कोमट झाले की भरलेला काप दोन्ही बाजूंनी बुडवून लगेच काढावा, वर कुंचल्याने तूप लावावे आणि आधी सांगितलेल्या वेळाने भाजावा. उलटताना चिमटा नको, उलथने वापरावे. रंग अंड्याच्या टोस्टपेक्षा थोडा फिका येतो. कवच मात्र येते.

अंडे गेले म्हणून फार गेले असेही नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पाव लीटर दुधात सुमारे ८. दह्यातले पाणी गळून गेले तरी त्यातली बहुतेक प्रथिने चक्क्यात राहतात. म्हणजे डॉक्टरांना हवे होते ते सगळे आमच्या फडक्यात टांगलेले होते. मीच उगाच चोरवाटेने निघालो होतो. आणखी एक गंमत. 'अपिसियस' या नावाने चालत आलेला रोमन लोकांचा पाककृतींचा एक जुना ग्रंथ आहे. त्यात पावाच्या कडा काढून मोठे तुकडे करावेत, दुधात भिजवावेत, तेलात तळावेत आणि वर मध ओतावा अशी कृती आहे. अंड्याचा पत्ता नाही! मी हे आक्काला मोठ्या विजयाने सांगितले. ती म्हणाली, "त्यांना कोणी तरी बहीण असेल."

आता रोज सकाळी सात वाजता बावीस पावले येणे आणि बावीस पावले जाणे. एक काप सगळा खाते. परवा दुसऱ्याचा कोपरा मोडला. साखर कमी कर, जायफळ ताजे उगाळ, हे हुकूम चालू झाले आहेत. यंत्राची टिंग वाजायच्या आधीच तिला वासावरून कळते की झाले, आणि बहुधा ती बरोबर असते. काल डॉक्टर आले, त्यांनाही एक काप दिला. त्यांनी विचारले, "अंडे चालते वाटते यांना?" आक्का त्यांच्याकडे नुसते बघत राहिली, उत्तर मला द्यावे लागले.

रात्री नाशकाहून सौ.चा फोन आला. नात बरी आहे, बाळंतीण बरी आहे, पुढच्या महिन्यात येते म्हणाली. घरातले कसे चालले आहे म्हणून तिने काळजीने विचारले. मी फोन आक्काकडे दिला.

"सावकाश ये," आक्का म्हणाली. "घाई नाही."